डायजेस्टिव्ह बिस्कीट घेताय? आधी काम ठरवा, मग पाकीट उलटं करा

ग्लुकोज, मारी आणि क्रीमचं बिस्कीट एवढाच मामला होता तोवर दुकानात निवडायचं असं काही नव्हतं. आता कराडच्या किंवा विट्याच्या साध्या किराणा दुकानातही 'डायजेस्टिव्ह' या एकाच नावाची पाच-सहा पाकिटं फळीवर शेजारी शेजारी लागलेली असतात: साधं, हाय फायबर, ओट्सचं, पाच धान्यांचं, शुगर फ्री, चॉकलेट लावलेलं. ब्रिटानियाचं न्यूट्रीचॉईस, मॅकव्हिटीज, पार्लेचं न्यूट्रीक्रंच, सनफीस्टचं फार्मलाइट ही नावं आता तालुक्याच्या गावीही ओळखीची झाली आहेत. साहजिकच वाचकांचे प्रश्नही ठरलेले येतात. 'मैदा कमी करायला सांगितलाय, मग डायजेस्टिव्ह चालेल ना?' 'चहात धरलं की अर्धं तुटून तळाशी बसतं, न तुटणारं कुठलं?' 'मुलीला चीजकेक करायचाय, मारी वापरली तर?'

हे तीन प्रश्न तीन वेगळ्या कामांचे आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत. येता-जाता तोंडात टाकायला जे बरं, ते चहात टिकेलच असं नाही. आणि चहात छान लागणारं केकच्या तळाला उपयोगी पडेल असंही नाही. म्हणून 'सगळ्यात चांगलं डायजेस्टिव्ह कुठलं' हा प्रश्न सोडून द्या. कशासाठी घेताय ते आधी ठरवा. निवड निम्मी तिथेच होते.

आधी पोटाचा विषय संपवूया

हे बिस्कीट मूळचं ब्रिटनचं, एकोणिसाव्या शतकातलं. त्यातल्या खायच्या सोड्यामुळे पोटाला आराम पडतो अशी तेव्हाची समजूत होती. मॅकव्हिटीजचं डायजेस्टिव्ह १८९२ सालचं. भट्टीत भाजल्यावर त्या सोड्याचा औषधी गुण म्हणावा असा काही उरत नाही. राहता राहिला कोंडा, म्हणजे तंतू. त्याचा हिशेब सोपा आहे.

- चांगल्या डायजेस्टिव्हमध्ये १०० ग्रॅमला साधारण ६ ग्रॅम तंतू असतात. एक बिस्कीट १० ग्रॅमचं धरलं, तर एका बिस्किटातून मिळतात जेमतेम ०.६ ग्रॅम.
- ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी खाल्ली, तर ६ ग्रॅम पोटात गेले.
- म्हणजे तंतूंच्या बाबतीत एका भाकरीची बरोबरी करायला दहा बिस्किटं लागतात आणि त्यांच्याबरोबर सुमारे २० ग्रॅम तेल आणि १२ ते २२ ग्रॅम साखरही येते.

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० ग्रॅम तंतू हवेत. ते भाकरी, उसळ, पालेभाजी आणि फळांतूनच यायचे. बद्धकोष्ठासाठी रोज चार बिस्किटं खाणं हा उपाय नाही. त्रास हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. डायजेस्टिव्ह आवडतं म्हणून खा, औषध म्हणून नको.

पाकीट उलटं करून काय वाचायचं?

समोरच्या बाजूला गव्हाची लोंबी आणि मोठी अक्षरं असतात. कामाची माहिती मागे, बारीक अक्षरांत असते आणि ती बहुतेक वेळा इंग्रजीत. पाच गोष्टी शोधा.

१. घटकांची यादी. जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो आधी, असा क्रम कायद्याने ठरलेला आहे. 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर' म्हणजे मैदा, 'होल व्हीट फ्लोअर' किंवा 'आटा' म्हणजे गव्हाचं सबंध पीठ, 'व्हीट ब्रॅन' म्हणजे कोंडा. बऱ्याच डायजेस्टिव्ह पाकिटांवर पहिलं नाव मैद्याचंच असतं. जो घटक समोर मोठ्या अक्षरांत मिरवलेला असतो, त्याचं प्रमाण टक्क्यांत द्यावं लागतं. गहू किंवा ओट्स किती टक्के आहेत ते तिथे कळतं.

२. साखरेची टोपणनावं. 'शुगर'च्या पुढे 'इन्व्हर्ट सिरप', 'लिक्विड ग्लुकोज', 'माल्टोडेक्स्ट्रिन' अशी नावं दिसली तर तीही गोडाच्या किंवा पिष्टाच्या खात्यातच धरा. गूळ किंवा मध घातलेलं बिस्कीटही गोडच. रक्तातली साखर दोन्हीने वाढते.

३. तेल. बहुतेक ठिकाणी 'पाम ऑइल' लिहिलेलं असतं. 'हायड्रोजनेटेड' हा शब्द दिसला तर पाकीट परत ठेवा. १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या आणि ते वापरून केलेल्या पदार्थांतल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. ती बेकरीलाही लागू आहे.

४. १०० ग्रॅमचा रकाना. 'प्रति सर्व्हिंग'चा रकाना बघू नका. एक कंपनी सर्व्हिंग म्हणजे दोन बिस्किटं धरते, दुसरी तीन, त्यामुळे तुलना होत नाही. १०० ग्रॅमला साधारण असे आकडे दिसतील:

- डायजेस्टिव्ह: ४७० ते ५०० किलोकॅलरी, स्निग्ध पदार्थ १९ ते २२ ग्रॅम, साखर १२ ते २२ ग्रॅम.
- मारी: ४३० ते ४६० किलोकॅलरी, स्निग्ध पदार्थ ९ ते १३ ग्रॅम, साखर २० ते २५ ग्रॅम.

मारीत साखर जास्त आणि डायजेस्टिव्हमध्ये तेल जवळजवळ दुप्पट, असा हा मामला आहे. वजन उतरवायचं म्हणून मारी सोडून डायजेस्टिव्ह धरलं असेल, तर कॅलरी कमी झालेल्या नाहीत, उलट थोड्या वाढल्या आहेत.

५. दावे. 'हाय फायबर' लिहायला १०० ग्रॅमला किमान ६ ग्रॅम तंतू लागतात. 'सोर्स ऑफ फायबर'ला ३ ग्रॅम पुरतात. 'शुगर फ्री' म्हणजे १०० ग्रॅमला ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर नाही. 'मल्टिग्रेन' या शब्दाने मात्र काहीच ठरत नाही. पाच धान्यं मिळून ५ टक्के असली तरी तो शब्द छापता येतो, म्हणून तिथे टक्केवारीच बघा.

नुसतं खायचं असेल तर

दुपारी चारची भूक, एसटीचा प्रवास, शेतावरची न्याहारी, मुलांचा छोट्या सुट्टीचा डबा ही या बिस्किटाची खरी कामं. इथे तोंडात सुटणारी गव्हाची चव आणि थोडंसं मीठ यालाच महत्त्व आहे. निवडताना हे बघा:

- साखर १०० ग्रॅमला १५ ग्रॅमच्या आत आणि तंतू ६ ग्रॅमच्या वर.
- घटकांत गव्हाचं सबंध पीठ किंवा कोंडा पहिल्या दोन-तीन नावांत.
- सोडियम शक्यतो ४०० मिलिग्रॅमच्या आत. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी हे जरूर पाहावं. बिस्कीट गोड लागलं तरी त्यात मीठ आणि सोडा दोन्ही असतात.
- छोटी पाकिटं. मोठं पाकीट उघडलं की ते संपेपर्यंत हात थांबत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

चार बिस्किटं म्हणजे सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे जवळपास २०० किलोकॅलरी. साधारण दोन मध्यम चपात्यांएवढा हा ऐवज झाला. दोन बिस्किटं आणि बरोबर मूठभर फुटाणे किंवा भाजके शेंगदाणे घेतले तर भूक जास्त वेळ भागते आणि बिस्किटांची संख्याही आपोआप आवरते.

मधुमेह असेल तर 'शुगर फ्री' या शब्दावर जाऊ नका. साखरेऐवजी त्यात बहुधा माल्टिटॉलसारखं गोड द्रव्य असतं आणि पीठ तर असतंच, त्यामुळे रक्तातली साखर वाढायची ती वाढते. माल्टिटॉल जास्त पोटात गेलं तर पोट बिघडतं. तशी सूचनाही पाकिटावर असते. किती खायचं ते डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारून ठरवा.

लहान मुलांसाठी: दोन वर्षांखालच्या बाळाला दुधात बिस्कीट कुस्करून भरवायची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे. या वयात वरून साखर घातलेलं काही देऊ नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. नाचणीची पेज किंवा मऊ खिमट बरं.

गव्हाची अॅलर्जी किंवा सीलिअॅक आजार असेल तर कुठलंच डायजेस्टिव्ह चालणार नाही. बचत गटांच्या नाचणी-ज्वारीच्या बिस्किटांतही बऱ्याचदा मैदा किंवा कणीक असते. नाव वाचून घेऊ नका, घटक विचारा.

चहात बुडवायचं असेल तर

इथे आधी एक कटू सत्य: चहात टिकण्यासाठी डायजेस्टिव्ह बनलेलंच नाही. त्यात मोहन भरपूर असतं, त्यामुळे पिठाला चिवटपणा येत नाही आणि बिस्कीट खुसखुशीत होतं. गरम चहा आत शिरला की साखर विरघळते, पीठ फुगतं आणि धरून ठेवणारं काही उरत नाही. टोस्ट आणि बटर हे पावाच्या, म्हणजे तिंबून आंबवलेल्या पिठाचे असल्यामुळे चहात टिकतात. ज्यांना बिस्कीट चहात टाकून पेपर वाचायचाय त्यांनी सरळ टोस्ट घ्यावा.

तरीही डायजेस्टिव्हच बुडवायचं असेल तर निवड अशी करा:

- साधं आणि सपाट घ्या. ओट्सचे तुकडे, बिया, सुकामेवा असलेलं बिस्कीट त्या तुकड्यांच्या कडेने फुटतं.
- जाड घ्या. पातळ बिस्कीट आरपार भिजतं. जाड असेल तर एक बाजू कोरडी राहते आणि तीच भार पेलते.
- चॉकलेटचं घेतलंत तर ते दुधात किंवा कोमट कॉफीत बुडवा. उकळत्या चहात चॉकलेट वितळून वर तवंग येतो.
- सादळलेलं बुडवू नका. ते आधीच ओल पिऊन बसलेलं असतं.

बुडवायचीही एक रीत आहे. ब्रिस्टल विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ लेन फिशर यांनी बिस्कीट चहात किती वेळात भिजतं याचा अभ्यास केला आणि त्यांना १९९९ सालचं इग नोबेल मिळालं. गमतीच्या संशोधनासाठी दिला जाणारा हा पुरस्कार असला, तरी त्यातून निघालेला सल्ला कामाचा आहे: बिस्कीट उभं खुपसण्याऐवजी आडवं धरा, म्हणजे वरची बाजू कोरडी राहते.

आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला, पातेल्यातून थेट कपात ओतलेला. तो जितका गरम तितकं बिस्कीट लवकर ढासळतं. यावर आपल्याकडची बशी हा उत्तम तोडगा आहे:

1. थोडा चहा बशीत ओता आणि वाफ कमी होऊ द्या.
2. बिस्किटाचा अर्धा तुकडा करा. अख्खं बिस्कीट स्वतःच्याच वजनाने मोडतं.
3. तुकडा आडवा ठेवून दोन-तीन सेकंदांत उचला.
4. उचलल्यावर ओली बाजू वर करा आणि लगेच तोंडात टाका. बोलत बसलात तर बिस्कीट शर्टावर.

नवं पाकीट पाहुण्यांपुढे ठेवण्याआधी एक बिस्कीट असं तपासून घ्या. पाच सेकंदांच्या आत लगदा होत असेल तर ते नुसतं खायला ठेवा.

आणि गोडाची बेरीज करायला विसरू नका. दोन चमचे साखरेचा चहा म्हणजे ८ ते १० ग्रॅम साखर आणि चार बिस्किटांतून आणखी ६ ते ८. दिवसातून दोनदा असा चहा झाला की आकडा २८ ते ३६ ग्रॅमवर गेला. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी, असा आहारशास्त्राचा सल्ला आहे. बिस्कीट बुडवून खायचं असेल तर चहा अर्ध्या साखरेचा करा. बिस्किटातलं गोड चहात उतरतंच.

घरातल्या वयस्कर मंडळींना कवळीमुळे बुडवूनच खावं लागतं. गिळताना ठसका लागत असेल तर भिजलेला पण भुगा न होणारा टोस्ट किंवा दुधात पूर्ण मऊ केलेलं बिस्कीट चमच्याने द्या. कोरडा चुरा घशात अडकतो.

केक आणि गोडासाठी हवं असेल तर

चीजकेक, थंड पुडिंग, टार्ट यांच्या तळाला डायजेस्टिव्हला तोड नाही, कारण त्यातला कोंडा चुऱ्याला खरखरीत पोत देतो आणि त्यातलं मीठ वरच्या गोडाला तोलून धरतं. मारीही चालते, पण तिच्यात तेल कमी असल्याने लोणी थोडं जास्त लागतं आणि तळ जास्त गोड होतो. क्रीमची बिस्किटं मात्र टाळा. साधं, साखर कमी असलेलं डायजेस्टिव्ह घ्या. इथे महागड्या पाकिटाची गरज नाही, वाटल्यावर सगळी सारखीच होतात.

प्रमाण: ८ इंची भांड्याला २०० ग्रॅम बिस्किटं आणि १०० ग्रॅम वितळलेलं लोणी. विकतचं खारं लोणी असेल तर वरून मीठ नको. तूप वापरणार असाल तर ८० ग्रॅमच घ्या, कारण लोण्यात पाणी असतं, तुपात नसतं. घरचं लोणी असेल तर ताक पूर्ण निथळू द्या, नाहीतर तळ लिबलिबीत होतो.

चुरा: मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. रव्यापेक्षा थोडा जाड राहिला पाहिजे. पिठासारखा झाला तर तळ दगडासारखा बसतो. लोणी घातल्यावर शंकरपाळ्याच्या पिठाचं मोहन बघतो तसाच मुटका वळून बघा. मुटका वळला पाहिजे आणि बोटाने दाबल्यावर फुटला पाहिजे. वळतच नसेल तर चमचाभर लोणी घाला. तळव्याला तेल सुटत असेल तर एक बिस्कीट आणखी चुरून मिसळा.

बसवणं: वाटीच्या बुडाने दाबून सारखं करा. न भाजता करायचं असेल तर किमान अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. भाजायचं असेल तर १७० अंशाला ८ ते १० मिनिटं आणि पूर्ण गार झाल्याशिवाय वर काही ओतू नका. सांगली-मिरजेच्या एप्रिल-मेच्या उन्हात तुपाचा तळ बाहेर काढल्यावर पाचच मिनिटांत ढिला पडतो, तेव्हा तो वाढायच्या वेळीच काढा.

वर काय घालाल? क्रीम चीज आणायला कोल्हापूर-पुण्याला जायची गरज नाही. आपल्या भागात डेअरीत श्रीखंडाचा चक्का मिळतो, तोच वापरा. फक्त तो आणखी दोन-तीन तास कापडात बांधून टांगा, कारण उरलेलं पाणी थेट बिस्किटात उतरतं. स्ट्रॉबेरीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. महाबळेश्वर-पाचगणी-वाईकडची ताजी फळं धुऊन, पुसून, कोरडी करून अगदी शेवटी लावा. चिरून आधी लावली तर रस सुटतो. स्ट्रॉबेरी क्रश वापरणार असाल तर चक्क्यात साखर घालूच नका.

आणखी दोन उपयोग:

- आम्रखंडाचे थर: काचेच्या पेल्यात जाडसर चुरा, वर आम्रखंड, पुन्हा चुरा. चुरा करकरीत हवा असेल तर वाढताना भरा. मऊ आवडत असेल तर आदल्या रात्री.
- बिस्किटांचे लाडू: २०० ग्रॅम चुरा, शेंगदाण्याचं कूट, तासगावचा बेदाणा आणि थोडं कोमट दूध किंवा तूप. दूध घातलेले लाडू फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा.

कुकरमधला बिस्किटांचा केक करत असाल तर एक लक्षात ठेवा: ग्लुकोजच्या मापाने दूध घातलं तर डायजेस्टिव्हचं मिश्रण घट्ट होतं, कारण कोंडा दूध पितो. दूध घालून दहा मिनिटं थांबा, मग लागेल तसं आणखी घाला आणि फ्रूट सॉल्ट अगदी शेवटी. हा केक स्पंजसारखा फुगणार नाही, थोडा भरीव होईल. फुगलेला हवा असेल तर निम्मं ग्लुकोज, निम्मं डायजेस्टिव्ह घ्या.

बेकरीतून करून घेणार असाल तर

आपल्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत घरचं सामान देऊन बेकरीतून बिस्किटं भाजून आणायची पद्धत अजून टिकून आहे. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या तोंडावर पत्र्याचे डबे घेऊन रांग लागते. ज्यांना मैदा आणि पाम तेल दोन्ही टाळायचंय त्यांच्यासाठी हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. एक किलो जाडसर दळलेल्या कणकेला साधारण हे सामान न्या:

- तूप ३५० ते ४०० ग्रॅम
- गुळाची पावडर किंवा पिठीसाखर २५० ग्रॅम
- चाळणीत राहिलेला कोंडा १०० ग्रॅम
- बेकिंग पावडर ४ चमचे, मीठ २ चमचे
- दूध सुमारे २०० मिलिलिटर, लागेल तसं

बेकरीवाल्यांना तीन गोष्टी आधीच सांगा: पीठ फार मळू नका, लाटी पाव सेंटिमीटरपेक्षा जाड ठेवा आणि वरून काट्याने टोचा. गुळाची बिस्किटं लवकर लाल होतात, म्हणून आच थोडी कमी ठेवायला सांगा. मजुरी किलोवर असते. ती पिठावर की तयार मालावर, हे आधी विचारून घ्या, कारण पीठ एक किलोचं असलं तरी माल पावणेदोन किलोच्या आसपास उतरतो.

बेकरीचीच तयार 'आटा बिस्किटं' घेणार असाल तर पीठ निव्वळ गव्हाचं आहे की मैदा मिसळलाय, तूप आहे की वनस्पती, आणि माल कधीचा आहे, हे विचारा. रंग गडद दिसला म्हणून कणीक जास्त असं समजू नका; तो रंग गुळाचा किंवा कॅरॅमलचाही असतो.

घाटाकडे एक, माणदेशात दुसरं: साठवण

महाबळेश्वर, पाटण, जावळी, कोयनेकडे पावसाळ्यात उघडलेलं पाकीट एका रात्रीत सादळतं. माण, खटाव, आटपाडी, जतकडे तेच पाकीट आठवडाभर कुरकुरीत राहतं, पण उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यात तापून त्यातलं तेल खवट होतं. म्हणून:

- घाटाकडच्या मंडळींनी जून ते सप्टेंबर छोटी पाकिटंच घ्यावीत आणि उघडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं.
- दुष्काळी पट्ट्यात डबा माळ्यावर किंवा चुलीजवळ ठेवू नका. घरातली सर्वांत गार जागा निवडा.
- केक आणि बिस्किटं एका डब्यात ठेवू नका. केकची ओल बिस्किटात जाते आणि दोन्ही बिघडतात.
- नुसती सादळलेली बिस्किटं १५० अंशाला ५ ते ७ मिनिटं किंवा जाड तव्यावर मंद आचेवर ठेवा. ती गार झाल्यावर कुरकुरीत होतात, गरम असताना तपासू नका.
- वास खवट आला तर मात्र भाजून उपयोग नाही, टाकून द्या.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर सांगलीकरांना हे सांगायला नको, तरी लिहितो: पुराच्या पाण्यात बुडालेलं पाकीट वरून कोरडं आणि सीलबंद दिसलं तरी खाऊ नका आणि कुणाला देऊ नका. स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

इथे फसगत होते

- आठवडी बाजारातला सुटा, फुटका माल. किलोवर मिळणाऱ्या या बिस्किटांवर ना तारीख असते ना घटक. केकच्या तळाला चुराच लागतो म्हणून तो घ्यायचा मोह होतो. खवट चुरा अख्खा केक घालवतो.
- 'एकावर एक मोफत'. आधी एक्सपायरी बघा. महिनाभर उरला असेल आणि घरात दोनच माणसं असतील तर ते मोफत पाकीट मुंग्यांचं.
- पाकिटाचा आकार. आत ट्रे आणि हवा असते. वजन आणि प्रति ग्रॅम किंमत वाचा. ती आता पाकिटावर छापावी लागते. दोन पाकिटांची तुलना त्या आकड्यावरूनच करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि किमती-वजनं बदलली, तेव्हा जुन्या भावावर विसंबू नका.
- मिळतंजुळतं नाव. प्रसिद्ध पाकिटासारखा रंग आणि एका अक्षराचा फरक असलेली पाकिटं गावोगाव येतात. कंपनीचं नाव-पत्ता आणि १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक बघा. बचत गटाच्या पाकिटावरही हा क्रमांक हवा.
- वारीत किंवा शिबिरात वाटायला. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या वाटेने जाते तेव्हा बरेच जण बिस्किटं वाटतात. दिवसभर चालणाऱ्याला पटकन ताकद हवी असते, त्याला ग्लुकोजचं छोटं पाकीट पुरतं. डायजेस्टिव्हचा जादा खर्च करण्यापेक्षा त्याच पैशात राजगिऱ्याची वडी द्या, एकादशीलाही चालते. कागद गोळा करायला पोतं मात्र बरोबर ठेवा.

तुमचे हक्क आणि तक्रारीची वाट

- छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात. त्याहून जास्त मागणं बेकायदा आहे. किंमत किंवा वजनाची तक्रार वैधमापन शास्त्र कार्यालयाकडे करा.
- मुदत संपलेलं, कीड लागलेलं, बुरशी आलेलं पाकीट निघालं तर दुकानदाराकडून बदलून किंवा पैसे परत घ्या. पाकिटावर कंपनीच्या ग्राहक सेवेचा क्रमांक असतो, तिथेही कळवा.
- अन्नाच्या दर्जाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाते. सातारा आणि सांगली दोन्ही ठिकाणी त्यांची जिल्हा कार्यालयं आहेत. राज्याचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५.
- प्रकरण वाढलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचं शुल्क नाही आणि वकील द्यायलाच हवा असंही नाही.
- अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहकही शुल्क भरून पदार्थाची तपासणी करून घेऊ शकतो.

यांपैकी काहीही करायचं तर दोन गोष्टी हातात हव्यात: बिल आणि रिकामं का होईना, पण तारीख व बॅच क्रमांक असलेलं वेष्टन. तक्रार द्यायच्या आधी तारखेचा, बॅचचा आणि बिघडलेल्या बिस्किटाचा फोटो काढा आणि उरलेला माल फेकू नका.

दुकानात उभ्या उभ्या

- नुसतं खायला: साखर १५ च्या आत, तंतू ६ च्या वर, छोटं पाकीट.
- चहात बुडवायला: साधं, जाड, बियांशिवायचं. नाहीतर टोस्ट.
- केकच्या तळाला: साधं, कमी गोड, प्रति ग्रॅम सर्वांत स्वस्त.
- मैदा टाळायला: घरचं पीठ घेऊन बेकरीत.
- पोट साफ व्हायला: बिस्कीट परत ठेवा, ज्वारीचं पीठ घ्या.